घराचा नकाशा आणि घरातले मूल

लहान मुलाला कागद आणि रंगीत खडू देऊन घर काढावयास सांगितले, तर ते बहुधा चौकोनावर त्रिकोण चढविते, मध्यभागी दार आणि दोहों बाजूंना खिडक्या काढते, आणि एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही तर भिंत जणू नाहीच अशा रीतीने आत बसलेली आजी, ओट्यावरचे भांडे आणि पलंगाखाली निजलेले मांजरही त्याच चौकोनात रेखाटते. वडील माणसे हे चित्र कौतुकाने पाहून बाजूस ठेवतात. परंतु स्थापत्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास त्या एका कागदावर मुलाने, कोणी न शिकविता, दोन भिन्न जातींची रेखाटने एकत्र केलेली असतात. बाहेरून दिसणारा दर्शनी भाग हे पहिले, ज्यास इमारतकामात ‘एलिव्हेशन’ म्हणतात, आणि भिंत दूर सारून आतील व्यवस्था उघडी करणारा छेद हे दुसरे, ज्यास ‘सेक्शन’ म्हणतात. तिसरे रेखाटन, म्हणजे साध्या बोलण्यात ज्याला आपण घराचा नकाशा म्हणतो, ते मात्र मूल आपण होऊन सहसा काढीत नाही, कारण आपल्या घराकडे वरून खाली पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेलाच नसतो.

इमारतीचे काम पायापासून वर जात असल्यामुळे तंत्रशाळांतून प्रथम नकाशा, मग छेद आणि शेवटी दर्शनी भाग असा क्रम स्वाभाविकपणे पडलेला आहे. विद्यार्थी प्रौढ असतो तेथे तो सोयीचाही आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा असे माझे निश्चित मत आहे. जे त्याच्या हाताला आधीच येते त्यापासून आरंभ करावा, छेदाची कल्पना पक्की होऊ द्यावी, आणि नकाशा हा देखील एक छेदच आहे, केवळ उभा नसून आडवा, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यानंतरच नकाशाचा कागद त्याच्यापुढे उलगडावा. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे नकाशा म्हणजे वरून काढलेले चित्र असा समज पुष्कळांच्या मनात जन्मभर राहतो, आणि मग नकाशात छप्पर का दिसत नाही, खिडक्या मात्र का दिसतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर घर विकत घेऊन बसलेल्या गृहस्थालाही देता येत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांच्या अवकाशकल्पनेवर १९४८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगात मुलापुढे तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून पलीकडे बसविलेल्या बाहुलीला ते डोंगर कसे दिसतील असे विचारले जाई. सहा-सात वर्षांखालील मुले बहुधा स्वतःला दिसणारे दृश्यच बाहुलीच्या माथी मारीत, आणि त्यावरून दुसऱ्या ठिकाणाहून पाहण्याची कल्पना या वयात अवघड असते असा निष्कर्ष निघाला. पुढे मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात निराळ्या प्रयोगाची हकीकत दिली. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती, एक लपू पाहणारा मुलगा आणि त्याला शोधणारे शिपाई अशी मांडणी होती, आणि शिपायांना दिसणार नाही असा कोपरा साडेतीन ते पाच वर्षांची बहुसंख्य मुले अचूक दाखवीत. डोंगर मुलाला परके होते. लपंडाव आणि भिंत त्याच्या ओळखीची होती. पालकांनी यातून घ्यावयाचे ते एवढेच, की पहिला नकाशा मुलाच्या स्वतःच्या खोलीचा असावा, आणि त्यावर विचारावयाचा पहिला प्रश्न लपण्याचा आणि दिसण्याचा असावा.

कागदाकडे वळण्यापूर्वी मोजमापाचा संस्कार अंगात भिनला पाहिजे. मुलाला प्रथम स्वतःची वीत, हात आणि पाऊल मोजून घेऊ द्यावे, आणि ते आकडे पाठ करू द्यावेत. मग टेप हाती नसतानाही टेबल किती वितींचे आणि ओसरी किती पावलांची हे त्याला सांगता येते, आणि दार आपल्या दोन हातांपेक्षा रुंद असू शकते की नाही याचा अंदाज त्याचे शरीरच देते. यानंतर मोजपट्टी. इंच आणि सेंटिमीटर या दोन्ही बाजू त्याला वाचता आल्या पाहिजेत, कारण मंजुरीचे नकाशे मीटरमध्ये असले तरी गवंडी आणि सुतार आजही फूट, इंच आणि सूत यांतच बोलतात, आणि आठ सुतांचा एक इंच हे गणित शाळेच्या पुस्तकात येत नाही. काटकोन पडताळण्याची गवंड्याची युक्तीही याच वेळी दाखवावी: कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि त्या दोन खुणांतले अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे. आपल्या खोलीचे चारही कोपरे या रीतीने तपासणाऱ्या मुलाला पायथागोरसचा सिद्धांत पुढे वर्गात भेटेल तेव्हा तो जुना ओळखीचा वाटेल.

आता छेद. बाजारातून दोन भोपळी मिरच्या आणाव्यात. एक देठापासून टोकापर्यंत उभी कापावी आणि दुसरी मधोमध आडवी. उभ्या कापात मिरचीची उंची, आतली पोकळी आणि बियांचा गड्डा कोठे लटकला आहे हे दिसते. आडव्या कापात उंची नाहीशी होते आणि भिंतींनी विभागलेले तीन-चार कप्पे एखाद्या घराच्या खोल्यांप्रमाणे समोर येतात. दोन्ही काप शाईच्या गादीवर किंचित टेकवून कागदावर उमटवावेत. कापलेला भाग तेवढा काळा उमटतो आणि पोकळी कोरी राहते, हेच स्थापत्याच्या रेखाटनाचे पहिले व्याकरण आहे: जे पात्याखाली आले ते ठळक, जे त्यापलीकडे नुसते दिसते ते बारीक. मग चपलांचे रिकामे खोके घेऊन त्यात पुठ्ठ्याच्या आडभिंती चिकटवाव्यात, दारे तळापर्यंत कापावीत, खिडक्या तळापासून थोड्या उंचीवर कापाव्यात, झाकण लावावे, आणि मुलाला विचारावे, की या घराचे पाते कोणत्या उंचीवर फिरवले असता दारे आणि खिडक्या दोन्ही सापडतील. फार खाली कापले तर खिडक्या निसटतात, फार वर कापले तर दारेही निसटतात. मूल बोटाने जी उंची दाखवील तीच रीत वास्तुशिल्पज्ञही पाळतात. खऱ्या घरात जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, म्हणजे खिडकीच्या उंबऱ्याच्या वर आणि माथ्याच्या खाली, ही काल्पनिक करवत चालते, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला जातो आणि उरलेल्याकडे सरळ खाली पाहिले जाते.

हे एकदा आकळले म्हणजे नकाशातील खुणा पाठ करण्याची गरज राहत नाही, कारण प्रत्येक खूण या कापण्यातून आपोआप निघते. भिंत दोन जाड रेषांची, कारण ती कापली गेली आहे. खिडकीच्या जागी भिंतीच्या जाडीत बारीक रेषा, कारण तिचा उंबरा खाली दिसतो आहे. दाराच्या जागी भिंत तुटते आणि पाव वर्तुळाचा एक कंस येतो; तो कंस म्हणजे दाराची फळी उघडताना तिच्या टोकाने काढलेली वाट होय, आणि मुलाने खडू दाराच्या खालच्या कोपऱ्याशी धरून दार सावकाश उघडले तर तोच कंस फरशीवर उमटतो. करवतीच्या वर जे राहिले, म्हणजे पोटमाळा, तुळई, छज्जा किंवा छताजवळचा झरोका, ते तुटक रेषांनी दाखवितात, कारण ते आहे खरे, पण उचलून ठेवलेल्या भागात गेले आहे. जिन्यावर एक बाण असतो आणि तो चढण्याची दिशा दाखवितो. जिना मध्येच तिरप्या रेषेने तोडलेला दिसतो, त्याचेही कारण तेच: सव्वा मीटरच्या वरच्या पायऱ्या करवतीने नेल्या. मुलाने प्रत्येक खुणेला ‘का’ असे विचारावे आणि उत्तर खोक्यात शोधावे. केवळ यादी घोकविण्याचा मोह पालकांनी कसोशीने टाळावा.

स्वतःच्या खोलीचा नकाशा काढण्यासाठी १:५० हे प्रमाण मुलांना सर्वांत मानवते, कारण त्यात खऱ्या एका मीटरचे कागदावर दोन सेंटिमीटर होतात आणि दहा फूट बाय बारा फुटांची खोली वहीच्या पानावर साधारण ६ सेंटिमीटर बाय ७.३ सेंटिमीटर इतकी ऐसपैस बसते. चौकटीचा कागद घ्यावा. आधी खोली मोजून कच्च्या कागदावर आकडे लिहावेत, मग पक्की रेखाटणी करावी. हे दोन कागद वेगळे ठेवण्याची शिस्त प्रथमपासून लागलेली बरी. याच प्रमाणात पुठ्ठ्याची एक लहान मनुष्याकृतीही कापून घ्यावी; १ मीटर ६५ सेंटिमीटर उंचीची आई या जगात ३.३ सेंटिमीटरची होते, तीन फुटी दार १.८ सेंटिमीटरचे, आणि ही आकृती नकाशावर उभी करून दारातून आत नेली म्हणजे कागदावरच्या निर्जीव आकड्यांना एकाएकी आकार येतो. पलंग, टेबल आणि कपाट यांचेही तुकडे कापून ते नकाशावर सरकवीत, कपाटाचे दार उघडले तर पलंगाला अडते की काय हे पाहणे, या खेळात मुले तासन्तास रमतात. काही मुले आरंभी खोलीच्या चारही भिंती बाहेरच्या अंगास पालथ्या पाडून काढतील, म्हणजे मध्ये जमीन आणि चारी बाजूंना आडव्या झालेल्या खिडक्या; त्यांना ‘चुकले’ म्हणू नये, कारण खोलीच्या अंतर्भागाची सजावट करणारे व्यावसायिकही भिंती अशाच उलगडून रेखाटतात. फक्त तो कागद निराळा आणि नकाशाचा कागद निराळा, एवढे सांगावे.

येथे एक शोध असा आहे की जो मुलाने स्वतः लावावा, आपण आधी सांगू नये. एकमेकींना लागून असलेल्या दोन खोल्या आतून मोजून घ्याव्यात. समजा प्रत्येक तीन मीटर रुंद भरली. आता तेच अंतर बाहेरून मोजावे. बेरीज सहा मीटर यावयास हवी, परंतु टेप साडेसहा मीटरच्याही पुढे जातो. मूल पुन्हा मोजते, पुन्हा तेच येते. हरवलेली लांबी भिंतींच्या पोटात आहे हे ध्यानी येण्यास कधी एक संध्याकाळ लागते, आणि ती लागू द्यावी. बाहेरच्या दोन भिंती एका विटेच्या, म्हणजे नऊ इंची, प्रत्येकी २३ सेंटिमीटर. मधली अर्ध्या विटेची, साडेचार इंची, म्हणजे ११.५, एकूण ५७.५ सेंटिमीटर, गिलावा निराळा. घर म्हणजे केवळ पोकळी नसून त्या पोकळीला धरून ठेवणारे द्रव्यही आहे, आणि त्या द्रव्याला जागा लागते, ही जाणीव या एका बेरजेतून जितकी खोल रुजते तितकी कोणत्याही व्याख्यानातून रुजत नाही.

जिन्याचेही असेच एक गणित आहे. एका पायरीची उंची मोजावी, पायऱ्या मोजाव्यात आणि गुणाकार करावा; साडेसोळा सेंटिमीटरच्या अठरा पायऱ्या म्हणजे २ मीटर ९७ सेंटिमीटर, आणि शिडी न लावता एका मजल्याची उंची हाती आली. उभ्या छेदात ही उंची घालून जिना काढावयास सांगावे.

नकाशावरून चालता यावे म्हणून महाराष्ट्रात एक दुर्मीळ सोय आपल्याला लाभली आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि १८२८ सालच्या आगीत आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. तटबंदी, दरवाजे आणि आत दगडी जोती तेवढी शिल्लक राहिली. वास्तूच्या नाशाचे दुःख आहेच. परंतु मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकाने हे ओळखावे की ती जोती म्हणजे एका राजवाड्याचा खऱ्या मापाचा, जमिनीवर कोरलेला नकाशा आहे, आणि त्यात मुलाला प्रत्यक्ष शिरता येते. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. तेथे उभे राहून कागदावर उत्तरेचा बाण काढावा, आत जाऊन एखादा चौक पावलांनी मोजावा, त्याभोवतालच्या जोत्यांची ओळ आखावी, आणि कोणत्या जोत्यावरून कोणत्या चौकात दृष्टी पोहोचली असती, कोणती भिंत आड आली असती, असे प्रश्न करावेत. रायगडावरच्या बाजारपेठेच्या जोत्यांतून, किंवा राजवाड्याच्या अवशेषांतूनही हेच शिक्षण मिळते. आणि तेथील जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीच्या दगडावर कोरलेले, हा गड बांधून घेणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव मुलाला अवश्य दाखवावे, म्हणजे किल्ला आपोआप उभा राहत नाही, तो कोणीतरी आखतो आणि बांधून घेतो, हे त्याला कळेल. ज्यांच्या गावी जुना वाडा अद्याप नांदता आहे त्यांनी खांबांखालचे तळखडे मोजावेत आणि दोन खांबांमधला खण हे पूर्वीच्या सुतारांचे घर मोजण्याचे परिमाण कसे होते ते तेथल्या तेथे समजावून द्यावे.

दिशेविषयी थोडे. उत्तरेचा बाण नकाशात शोभेसाठी नसतो. मुलाने एखाद्या रविवारी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि सायंकाळी पाचला आपल्या खोलीत पडलेल्या उन्हाच्या कडा खडूने आखून त्या नकाशावर उतरवाव्यात. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावून पाहावी. पावसाळ्यात कोणत्या खिडकीतून झड आत येते आणि छज्जा किती पुढे असता तर ती थांबली असती याचा विचार करावा. दिशा ही भीतीची किंवा लाभाची बाब नसून ऊन, वारा आणि पाऊस यांच्या बंदोबस्ताची बाब आहे, असा निर्मळ संस्कार लहानपणीच झालेला मला फार मोलाचा वाटतो.

एवढी तयारी झाल्यावर दुसऱ्याने काढलेला नकाशा द्यावा, आणि तो शक्यतो आपल्या राहत्या घराचाच असावा. घरखरेदीच्या करारनाम्यास जोडलेला किंवा गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात असलेला मंजूर नकाशा मागवून त्याची प्रत मुलापुढे ठेवावी. वाचन कोपऱ्यातून सुरू व्हावे, जेथे इमारतीचे नाव, प्रमाण, तारीख आणि रेखाटन कशाचे आहे याचा तपशील लिहिलेला असतो, कारण प्रमाण न पाहता नकाशा वाचणारा पहिल्याच पावलाला फसतो. प्रमाण १:१०० असेल तर कागदावरचा सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा मीटर. मात्र छायाप्रत लहान-मोठी झालेली असू शकते, म्हणून कागदावर पट्टी लावण्यापेक्षा लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा, हा नियम साइटवरचा प्रत्येक अनुभवी मुकादम पाळतो आणि तो मुलानेही पाळावा. रंगांचाही संकेत आहे: योजलेले बांधकाम लाल, पाडावयाचे पिवळ्या तिरप्या रेषांनी. मग मुख्य दारापाशी बोट ठेवून मुलाने घरात शिरावे आणि मोठ्याने सांगत जावे: डावीकडे काय, पुढे किती पावले, कोठे वळलो, आता मागे पाहिले तर दार दिसते का. ते दिसते की नाही हे ठरविण्यासाठी दोन बिंदूंवर पट्टी ठेवावी. पट्टी जाड रेषेला छेदत असेल तर मध्ये भिंत आहे. स्वयंपाक करणाऱ्याला दारात आलेला पाहुणा दिसतो का, अभ्यासाला बसलेल्याच्या वहीवर कोणत्या हाताकडून उजेड येतो, न्हाणीघराचे दार उघडताच समोर कोण बसलेले असेल, अशा प्रश्नांनी घराचा चांगुलपणा आणि उणेपणा मुलाला स्वतःच पारखता येऊ लागतो. शेवटी नकाशातील आकडे आणि प्रत्यक्ष खोली यांची टेपने तपासणी करावी. फरक निघतो, आणि का निघाला असावा याची चर्चा करावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली असून तीत आतल्या आडभिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. नववी-दहावीतल्या मुलाने या व्याख्येप्रमाणे आपल्या घराचे क्षेत्रफळ काढून पाहावे, ते कुटुंबाच्याही उपयोगी पडते.

ज्याला लोक अजून ‘ब्लू प्रिंट’ म्हणतात तो निळा कागद हल्ली पाहावयास मिळत नाही, परंतु तो घरी करून दाखविण्याजोगा आहे. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही रीत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्रणाचा लेप दिलेल्या कागदावर ऊन पडले की लोहाच्या क्षारांत बदल होऊन गडद निळा रंग धरतो. जेथे शाईच्या रेषेने ऊन अडविले तेथला लेप तसाच विरघळणारा राहून पाण्याने धुतला जातो, आणि निळ्यावर पांढऱ्या रेषांचा नकाशा उमटतो. मूळ नकाशाला धक्का न लावता त्याच्या हव्या तितक्या बिनचूक प्रती काढण्याची सोय त्यामुळे झाली. पुढे अमोनियाच्या वाफेवर निघणारे, पांढऱ्यावर निळ्या रेषांचे प्रिंट आले, आणि जुने नाव तेवढे मागे राहिले. लेप दिलेला तयार कागद मिळाल्यास तोच वापरावा. रसायने वडीलधाऱ्या माणसाने हातमोजे घालून हाताळावीत, स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत आणि कोणतेही आम्ल जवळ येऊ देऊ नये. मुलाने आपल्या खोलीचा नकाशा ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने काढावा, लेपाच्या कागदावर ठेवून वर काच दाबावी, उन्हात ठेवावा, मग नळाखाली धुवावा.

संगणकावर रेखाटन करण्याची घाई मात्र करू नये. पडद्यावर रेघ हवी तेवढी मोठी किंवा लहान करता येत असल्यामुळे प्रमाणाची जाणीव, जी हाताने पट्टी धरताना आपोआप येते, ती तेथे सुटते. म्हणून निदान तीन-चार खोल्या, एक जिना आणि एक उभा छेद हाताने पुरा झाल्यावाचून तिकडे वळू नये. तोवर प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात मुलाने चौकट आखून आपले नाव, प्रमाण, उत्तरेचा बाण आणि तारीख घालावी, दुरुस्ती करावयाची झाल्यास जुना कागद न खोडता त्याची नवी प्रत काढून तीवर पुढचा क्रमांक लिहावा, आणि सर्व कागद एका फाईलीत क्रमाने लावावेत.